अडतीस कुंड्यांचा कारभारी

आमच्या घरी झाडांना पाणी कोण घालतं, हा प्रश्न मला एकतीस वर्षांत कधी पडला नव्हता. सकाळी मी पेपर उघडला की गच्चीतून तांब्या बादलीवर आपटल्याचा टण्ण असा आवाज यायचा, आणि चिमण्यांचा येतो, दूधवाल्याचा येतो, तसाच हाही आवाज सकाळचा म्हणून येत असणार, अशी माझी समजूत होती. त्या तांब्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतं, हे यंदाच्या एप्रिलात कळलं.

एप्रिलात मुलीचं बाळंतपण करायला बायको बंगळूरला गेली, ती दीड महिन्यासाठी. जाण्याआधी तिने सिलिंडर कसा बदलायचा, दळण कुठे टाकायचं, कामवाल्या मावशींना काय सांगायचं आणि मुख्य म्हणजे काय सांगायचं नाही, हे सगळं फुलस्केपच्या दोन्ही बाजूंना लिहून ठेवलं होतं. झाडांबद्दल मात्र तळाशी एकच ओळ होती : ‘दोन बादल्या. माती बघून घालणे.’ रिक्षा सुटल्यावर तिने मान बाहेर काढून पुन्हा ओरडून सांगितलं, “अहो, माती बघून!” माती कुठे जाणार आहे, असं मला वाटलं.

आम्ही कोथरूडला राहतो, सगळ्यात वरच्या मजल्यावर. सोसायटीने आमच्या डोक्यावरची अर्धी गच्ची झाडांसाठी आम्हाला वापरू दिली आहे. उरलेल्या अर्ध्या गच्चीत शेजारच्या बापटकाकूंची वाळवणं असतात, मधोमध कमरेएवढ्या कट्ट्यावर सोसायटीची पाण्याची टाकी आहे, आणि आमच्या कठड्याच्या बरोबर खाली बापटांची बाल्कनी येते, जिथे ते सकाळी साडेसहाला पेपर घेऊन बसतात. हा भूगोल तेवढा लक्षात ठेवा. बापटांच्या तो कायमचा लक्षात राहिला आहे.

मी चौतीस वर्षं लेखापरीक्षणात काढली आहेत. ज्या कागदावर आकडा नाही, त्याला मी कधी कागद म्हटलं नाही. ‘माती बघून’ हे काही माप होत नाही. तेव्हा पहिल्याच दिवशी मी वहीत व्यवस्थित मांडणी केली : कुंड्या ३८, बादली १५ लिटरची, दोन बादल्या म्हणजे ३० लिटर, भागिले ३८, म्हणजे दर कुंडीमागे ७८९ मिलिलिटर. बायकोचा केकसाठीचा मापाचा प्लास्टिकचा मग शोधून काढला आणि मोगरा, जास्वंद, तुळस, कढीलिंब, लिंबू, कोरफड, सगळ्यांना सारखं पाणी दिलं, कुणावर अन्याय नाही, कुणाची वशिलेबाजी नाही. पाचव्या दिवशी जास्वंदीने माना टाकल्या, आणि कोरफड सरळ करायला गेलो तर ती बुडापासून सुटून, कुजका वास देत, माझ्या हातात आली. एक तहानेने वाकली, एक पाण्याने गेली. सरासरी मात्र बिनचूक होती.

रात्री बंगळूरहून फोन. “माती बघताय ना?”

“बघतोय की,” मी म्हणालो. खोटं नव्हतं. रोज बघत होतो. तांबडी होती.

मग मी विचार केला, की चूक पद्धतीची आहे. विसाव्या शतकात तांब्या ठीक होता. म्हणून अर्धा इंची हिरवा पाईप आणला, त्याच्या टोकाला पिस्तुलासारखी एक तोटी, आणि त्या तोटीवर चकती फिरवून निवडायचे सात प्रकार, म्हणजे धुकं, रिमझिम, सरी वगैरे. सगळ्यात शेवटचा प्रकार गाडी धुण्यासाठीचा होता, आणि चकतीवरची अक्षरं चष्म्याशिवाय दिसत नाहीत. तुळस आडवी झाली, मोगऱ्याच्या कुंडीतली माती उडून पांढरी मुळं उघडी पडली, मी दचकून हात वर केला तशी धार टाकीच्या बाजूने पलीकडे गेली आणि बापटकाकूंच्या दोन दिवस वाळलेल्या कुरडया पुन्हा चिकाच्या अवस्थेला गेल्या, म्हणून हात खाली घेतला, तर तो कठड्याबाहेर.

खालून शांत आवाज आला. “कुलकर्णी, पाऊस का?”

“नाही, मी.”

“बरं,” बापट म्हणाले. “मग आजचा पेपर तुमचा द्या.”

संध्याकाळी मी त्या पाईपखाली बादली लावून घड्याळ धरलं. मिनिटाला १२ लिटर. मी दहा मिनिटं झाडं भिजवली होती, म्हणजे १२० लिटर, बायकोच्या चौपट, आणि त्यातलं कुंडीत किती गेलं ते कुरडयांना विचारा. दिवस एक दिवसाआड पाण्याचे होते. उन्हाळ्यात खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून किती टीएमसी उरलं, हे पुणेकर सोन्याच्या भावासारखं वाचतो, आणि त्या यादीकडे बघताना मला प्रथमच आरोपी असल्यासारखं वाटलं.

तेव्हा ठरवलं, पाणी थेंबाने द्यायचं. आणि थेंबाने द्रव पदार्थ देण्याचं जगमान्य यंत्र म्हणजे सलाईन. एका डॉक्टर मित्राने मुदत संपलेल्या सहा बाटल्या दिल्या, आणि नळीचे सेट घ्यायला मी औषधाच्या दुकानात गेलो.

“पेशंट घरीच आहे?” दुकानदाराने काळजीने विचारलं.

“हो. वर गच्चीत.”

त्याचा हात थांबला. “गच्चीत?”

“दुपारी सावलीत ओढून घेतो.”

“वय काय आजोबांचं?”

“आजोबा नाही हो, सात-आठ वर्षांचाच आहे. पण आता मान टाकलीय.”

तो काउंटर सोडून बाहेर यायला निघाला, तेव्हा मला मोगऱ्याचं नाव सांगावं लागलं.

सलाईनचं गणित मात्र इतकं सुंदर आहे, की माझ्यासारख्या माणसाचा त्यावर जीव जडावा. साध्या सेटमधून २० थेंब पडले की एक मिलिलिटर होतो. मिनिटाला ४० थेंब सोडले तर तासाला १२० मिलिलिटर, म्हणजे ५०० मिलिलिटरची बाटली चार तास दहा मिनिटं चालते. मी कपडे वाळत घालायच्या दोरीवर सहा बाटल्या टांगल्या, सहा मोगऱ्यांच्या बुडाशी नळ्या लावल्या, स्टूल घेतलं आणि मनगटी घड्याळ समोर धरून थेंब मोजत बसलो. त्याच वेळी बापट ओले टॉवेल घेऊन वर आले, समोरचं दृश्य पाहून दारातच चपला काढल्या, आणि जवळ येऊन अगदी हळू आवाजात विचारलं, “कसं आहे आता?”

पाणी खरोखर वाया जात नव्हतं. एक थेंबही कुंडीखाली उतरत नव्हता. पण आठवड्याभरात मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी व्हायला लागल्या, तेव्हा डॉक्टर मित्राला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, “आतलं सलाईन ओतून देऊन साधं पाणी भरलंस ना?” सलाईनमध्ये ०.९ टक्के मीठ असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. मी मोगऱ्याला पाणी देत नव्हतो. मी त्याचं लोणचं घालत होतो.

त्यानंतरचा वातीचा प्रयोग थोडक्यात सांगतो, कारण तो घरात अजून संवेदनशील विषय आहे. सुती दोरीचं एक टोक पाण्यात आणि दुसरं मातीत पुरलं, की निरांजनातल्या वातीत तेल चढतं तसं पाणी दोरीतून चढतं आणि माती मागेल तेवढंच झिरपतं, असं तत्त्व आहे. तत्त्व खरं आहे. देवघरातल्या वाती आखूड पडल्या, तेव्हा घरात जाड, लांब, सुती असं काय आहे याचा मी शोध घेतला आणि सगळ्या लेंग्यांच्या नाड्या ओढून काढल्या. बादली मात्र कुंड्यांपेक्षा वर, स्टुलावर ठेवली, कारण पाणी वरून खाली जातं एवढं विज्ञान मला पाठ होतं. जायलाही लागलं. भरलेली बादली उंचावर आणि दोरीचं टोक खाली असलं, की पाणी झिरपत नाही, काठावरून चढून खाली उतरत राहतं, बादली रिकामी होईपर्यंत. सकाळी तुळशीच्या कुंडीत तळं होतं, मी घाईघाईने बादली उचलायला वाकलो, आणि नेमकी तेव्हाच दारावरची बेल वाजली. नाडी तुळशीत होती.

मडक्याचं तंत्र त्याहून जुनं. भाजलेलं पण बिनरंगाचं मडकं कुंडीत गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं, वर झाकण ठेवायचं. माती कोरडी पडली की मडक्याच्या अंगातून पाणी ओढून घेते, ओली असली की घेत नाही. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या शेतीच्या ग्रंथात हे आहे. म्हणजे माती स्वतःच स्वतःला बघते; माझ्या दृष्टीने याहून सोयीचं काही असूच शकत नव्हतं. मी कुंभारवाड्यातून बारा छोटी मडकी आणली, आणि बायको येईल तेव्हा गच्ची शोभिवंत दिसावी म्हणून त्यांना बाहेरून हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात दिले. चार दिवस मडक्यांतलं पाणी जसंच्या तसं राहिलं. रंगाने त्यांची सगळी छिद्रं बुजली होती. डासांची मात्र छान सोय झाली. मग माळ्यावरून संक्रांतीची पाच सुगडं काढली, ती न रंगवता पुरली, आणि काय सांगू, चाललं की! पण सुगडं पाच, कुंड्या सदतीस (कोरफड वजा जाता), आणि संक्रांत जानेवारीत.

मे महिन्याच्या मध्यावर मी मार्केट यार्डाकडच्या एका ठिबकच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. ठिबक म्हटलं की मला नेहमी इस्राएलमधल्या सिम्खा ब्लास या इंजिनिअरची गोष्ट आठवते. एका गळक्या नळाजवळचं झाड आजूबाजूच्या झाडांपेक्षा दांडगं वाढलेलं त्याला दिसलं आणि त्यातून त्याला ठिबक सुचलं, असं सांगतात. १९६५ साली तिकडच्या एका किबुत्झमध्ये त्याचा कारखाना सुरू झाला, पुढे आपल्याकडे जळगावने ते तंत्र शेताशेतात पोचवलं. गळका नळ आमच्या गच्चीतही आहे, १९९८ पासून. त्याच्याकडे बघून मला आजवर प्लंबरखेरीज काही सुचलेलं नाही.

“किती एकर?” दुकानदाराने मान वर न करता विचारलं.

“सदतीस कुंड्या.”

त्याने मान वर केली. शेजारी नारायणगावकडचे एक टोमॅटोवाले शेतकरी लॅटरलच्या नळ्यांची बंडलं मोजून घेत होते, तेही थांबले.

“पीक?”

“मोगरा, जास्वंद, एक लिंबू आहे. त्याला लिंबं येत नाहीत.”

शेतकऱ्याला माझी दया आली असावी. त्याने माझ्या वतीने सामान काढायला लावलं : १६ एमएमची लॅटरल, चार लिटरचे ड्रिपर, ग्रोमेट, टेकऑफ, एंड कॅप, गाळणीचा फिल्टर आणि भोकं पाडायचा पंच. मग विचारलं, “टाकी किती उंचावर हाय?” मी अभिमानाने कमरेवर हात ठेवून दाखवला. “मग न्हाई चालायचं, सायेब. एक किलो दाब लागतो. धा मीटर तरी वर पायजे टाकी.” मी हसून मान डोलावली. शेतात लागत असेल, पण सदतीस कुंड्यांना कशाला दहा मीटर! आणि टाकी उचलून दहा मीटर वर नेणं सोसायटीच्या उपविधीत बसत नव्हतं. जाताना मी बॅटरीवर चालणारं, नळाला लावायचं घड्याळही घेतलं. ड्रिपर तासाला ४ लिटर देतो, कुंडीला हवं ७८९ मिलिलिटर, म्हणजे अकरा मिनिटं पन्नास सेकंद. होय, सगळ्यांना सारखंच. कोरफडीपासून मी काही शिकलो असेन असं तुम्हाला वाटलं असेल, तर तुम्ही लेखापरीक्षणात काम केलेलं नाही.

जोडणीला दोन दिवस लागले. पंचने लॅटरलला एकाऐवजी आरपार दोन भोकं पडतात, हे सहा ठिकाणी कळलं. पण मग नळ सोडला, फिल्टरमधून सळसळ असा आवाज आला, आणि पहिल्या कुंडीपाशी थेंब पडला. टप्प. दुसऱ्या कुंडीपाशी. टप्प. आठव्या कुंडीपर्यंत टपटप होती, पंधराव्या कुंडीपाशी नुसता ओलावा, आणि त्यापुढच्या कुंड्यांचा पाण्याशी संबंध आला नाही. नारायणगावचा दाब कोथरूडलाही लागत होता. तरी मी समाधान मानलं. पंधरा तर पंधरा. घड्याळ लावलं आणि झोपलो.

या घड्याळांत पाणी अडवणारी जी झडप असते, तिला घट्ट मिटायलाही पाण्याचाच दाब लागतो, हे मला झोपेत माहीत नव्हतं. पहाटे सहाला ती उघडली. अकरा मिनिटं पन्नास सेकंदांनी ती मिटल्यासारखी झाली, मिटली नाही. मी पाहायला वर गेलो नाही, कारण पाहावं लागू नये म्हणून तर दीड हजार रुपये घातले होते. दिवसभर पाणी ठिबकत राहिलं, रात्री केव्हातरी शेवटची एंड कॅप निसटली, आणि दुसऱ्या दिवशी, जो आमच्याकडे पाणी न येण्याचा दिवस होता, सकाळी सात वाजता बारा बिऱ्हाडांतल्या बारा पुरुषांनी तोंडाला साबण लावून नळ सोडला. संपूर्ण इमारतीत त्या क्षणी एकच जागा ओली होती. बापटांची बाल्कनी.

सोसायटीची तातडीची सभा जिन्यातच झाली. मी उभं राहून पाणीबचतीमागची भूमिका मांडली. इतिवृत्तात फक्त ठराव आहे.

ठरावानुसार टाकीचं पाणी मला बंद झालं. मग मी दोनशे लिटरचा निळा पिंप आणला, टेबलावर स्टूल, स्टुलावर पिंप, अशी जमेल तेवढी उंची गाठली, आणि ज्या दिवशी पाणी येई त्या दिवशी खालून बादल्या वाहून तो भरू लागलो. पिंपाला तेच घड्याळ, घड्याळातून लॅटरल, लॅटरलमधून आठ कुंड्या, उरलेल्यांना तांब्याने. सकाळी साडेसहाला तांब्या बादलीवर आपटून टण्ण असा आवाज यायचा. तो आता मी काढत होतो. खाली बापट पेपर वाचत असत, आणि मला खात्री आहे, त्यांना तो चिमण्यांसारखा वाटत नव्हता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बायको परत आली. पिशव्या दारात ठेवून ती आधी वर गेली. दोरीवर सुकलेल्या सलाईनच्या बाटल्या, हिरवी मडकी, तुळशीतून डोकावणारी नाडी, टेबल, स्टूल, पिंप, काळ्या नळ्यांचं जाळं. काही बोलली नाही. एकेका कुंडीत तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत खुपसत, बाहेर काढून बघत ती पुढे जात होती. “याला नको. याला नको. याला आज संध्याकाळी. याला नको.” सदतीस कुंड्या तिने चार मिनिटांत संपवल्या. मी मागून वही घेऊन चाललो होतो. लिहायला काही मिळालं नाही. सुगडांच्या कुंड्यांपाशी ती थांबली, झाकण उचलून आत पाहिलं, आणि तेवढीच एकदा माझ्याकडे वळून म्हणाली, “हे बरं केलंत.” घरातल्या अहवालांत याहून वरचा शेरा नाही.

कोपऱ्यात गेल्यावर तिने “अगंबाई!” म्हटलं. मला वाटलं, साप. गळक्या नळाखाली, फरशीच्या फटीत, जिथे मी दीड महिन्यात एकदाही पाणी घातलं नव्हतं, तिथे कधीतरी पडलेल्या काडीतून पुदिना माजला होता. गुडघ्याएवढा, हिरवागार, प्रत्येक पान बोटाएवढं. पिंप भरायला दर वेळी मी त्याच्यावरूनच पाय टाकत जात होतो. सिम्खा ब्लासला एक झाड पुरलं. बायकोने मूठभर खुडून संध्याकाळी चटणी केली, आणि मी ती मुकाट्याने खाल्ली.

ठिबकचं घड्याळ काढून टाकायचं तिने सांगितलं होतं. मी उद्या म्हणालो. त्याच रात्री ढग गडगडले आणि पहाटे पहिला पाऊस आला, असा की कठडा दिसेना. बायको म्हणाली, “अहो, तो पिंप उघडा आहे ना? आणि ते घड्याळ?” मी छत्री घेऊन वर पळालो. पिंप काठोकाठ भरून वाहत होता, कधी नव्हे तो दाब चढला होता, सहा वाजले होते, झडप उघडली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच सगळेच्या सगळे ड्रिपर धो धो पावसात टपटप पाणी देत होते. मी एका हाताने छत्री सावरत दुसऱ्या हाताने घड्याळ पिळायला लागलो, तसं ते नळीसकट निखळून हातात आलं, आणि दोनशे लिटरचा पिंप कठड्याच्या दिशेने मोकळा झाला.

खाली बाल्कनीचं दार उघडल्याचा आवाज आला.

“कुलकर्णी,” बापट पावसातून ओरडले, “हा पाऊस आहे, की तुम्ही?”

“दोन्ही,” मी म्हणालो.